अवतरणचिन्हांच्या बाहेरचा आवाज

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेल्हारा तालुक्यातून अकोल्यास शिकायला येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी कथा लिहून आणली होती. विषय साधाच होता. कापूस वेचायला जाणारी आई, वेचणीच्या दिवसांत अवेळी आलेला पाऊस आणि संध्याकाळी भिजल्या कापसाचे वजन कापून घेण्यावरून झालेली बोलाचाली. कथेचे पहिले वाक्य असे होते : ‘माय वावरातून येऊन राह्यली व्हती अन् आभाय भरून आलं व्हतं.’ आम्ही लाल शाई हाती घेतली आणि त्याचे ‘आई शेतातून येत होती आणि आकाश ढगांनी भरून आले होते’ असे करून दिले. निवेदनाची पाने अशा रीतीने ‘शुद्ध’ झाली. संवादांना मात्र आम्ही हात लावला नाही. वातावरणनिर्मितीसाठी बोली हवीच, असे आम्ही वर्गात शिकवीत आलो होतो. अंक निघाला, कथेचे कौतुकही झाले. मुलीने ती घरी आईला वाचून दाखवली. माउलीने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारले, ‘चांगली हाये. पन हे कोनाची माय व्हय?’

हा प्रश्न तिने आपल्या मुलीला विचारला होता. पण त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आमची होती, आणि ते आमच्यापाशी नव्हते. कथावाङ्मयातील आवाजांची विविधता हा विषय अलीकडे चर्चासत्रांतून वारंवार ऐकू येतो. अमेरिकन साहित्याच्या अभ्यासात तो अर्धशतकाहून अधिक काळ गाजतो आहे आणि आपल्याकडेही तो आता अपरिचित राहिलेला नाही. या चर्चेत सामान्यतः असे मानले जाते की, कथेत जितक्या जातीजमातींची, प्रदेशांची, थरांतील माणसे येतील तितकी ती कथा समृद्ध. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या कथेत कापूस वेचणारी बाई होतीच, ती बोलतही होती. तरीही प्रत्यक्ष त्या बाईला ती आपली वाटली नाही. कथेत कोण दिसते एवढेच पाहून भागत नाही. कथा कोण सांगते, कोणाच्या वाक्यात जग उभे राहते, हे पाहावे लागते. विविधतेचे खरे मोल आमच्या मते तेथे आहे, आणि मराठी कथेने, विशेषतः ती शिकवणाऱ्या आम्हा मंडळींनी, नेमके तेच मोल द्यायचे टाळले आहे.

मराठी कथेच्या पानावर अवतरणचिन्हांचे एक कुंपण असते. कुंपणाच्या आत वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, माणदेशी बोलायची मुभा आहे. कुंपणाबाहेरचे सगळे वावर मात्र प्रमाण भाषेच्या नावावर आहे. आतला माणूस भांडतो, रडतो, गाऱ्हाणे सांगतो. परंतु त्याच्या रडण्याचा अर्थ लावायचा अधिकार कुंपणाबाहेरच्या निवेदकाकडे असतो. आभाळ भरून आले हे निवेदकाने सांगायचे आणि ‘आता कसं व्हईन वं माय’ एवढेच पात्राने म्हणायचे, अशी ही वाटणी आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिला आपण तंत्र समजतो.

ही वाटणी मराठी गद्याइतकी जुनी आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला आम्ही फार दूर नेणार नाही. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूरपर्यंतच नेऊ. तेराव्या शतकात म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या माणसांना विचारून विचारून. त्या आठवणी सांगणाऱ्यांत महदाइसेसारख्या स्त्रियाही होत्या. लहान लहान लीळांच्या त्या गद्यात सांगणारा आणि बोलणारा यांच्या भाषेत आजच्यासारखी दरी नाही. निवेदनाचे वाक्य आणि माणसांच्या तोंडचे वाक्य एकाच अंगणात नांदते. संस्कृतात ग्रंथरचना करू पाहणाऱ्यांना नागदेवाचार्यांनी थोपवले, कारण तशाने पंथातील साध्यासुध्या बायाबापड्या ज्ञानाला मुकल्या असत्या, ही परंपरेतील हकिकत तर सर्वश्रुत आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि ऋद्धपुरास आता मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. या दोन्ही गोष्टींचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, ज्या गद्याच्या आधारे आपण आपले प्राचीनत्व सांगतो ते गद्य ऐकून लिहिलेले आहे.

आधुनिक मराठी कथेचा प्रारंभ वेगळ्या परिस्थितीत झाला. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातील त्यांच्या स्फुट गोष्टींनी मराठी लघुकथेचा पाया घातला. हेच हरिभाऊ १९१२ साली अकोल्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. अकोल्याच्या साहित्यप्रेमींना या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. पण त्या काळच्या कथेचे घर पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय वाड्याचे होते. अकोल्याच्या कापूसबाजारात गाड्या सोडून बसलेल्या माणसाला तिच्यात शिरायला दार नव्हते. यात हरिभाऊंना दोष देण्याचा हेतू नाही. आपण पाहिलेले जग त्यांनी कळवळ्याने लिहिले. पुढे त्याच मध्यमवर्गातील एका स्त्रीने आपले जग आपल्या वाक्यात सांगायचे ठरवले, तेव्हा काय झाले हे मात्र स्मरणीय आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे नि:श्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला. त्यापूर्वी शिकलेल्या, अविवाहित राहिलेल्या मुली मराठी कथेत नव्हत्या असे नाही. पण त्यांच्या मनातले त्यांनीच बोलावे, हे महाराष्ट्राला इतके अनपेक्षित होते की पुस्तकापेक्षा ‘ही विभावरी कोण’ याचीच चर्चा अधिक झाली. बाळूताई खरे यांना टोपणनावाचा आडोसा घ्यावा लागला, यातच निवेदनाचा अधिकार किती महाग असतो हे दिसते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथेचे रूप पालटले. माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसे’ने (१९४९) खेड्यातील माणूस दया किंवा विनोद यांच्या तावडीतून सोडवला. आमच्या वऱ्हाडात उद्धव शेळके यांनी ‘धग’मध्ये (१९६०) कौतिकच्या तोंडी जी वऱ्हाडी घातली, तिने बोली म्हणजे हसवण्याचे साधन ही समजूत कायमची मोडली. अमरावतीच्या मनोहर तल्हारांच्या ‘माणूस’ने (१९६३) रिक्षावाल्याच्या आयुष्याला कादंबरीचा आवाका दिला. ‘धग’ आणि ‘माणूस’ या कादंबऱ्या आहेत, कथा नव्हेत. परंतु वऱ्हाडातील कथालेखकांना धीर मिळाला तो या पुस्तकांपासून, म्हणून त्यांचा उल्लेख येथे अनाठायी ठरू नये.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वेगळा आवाज म्हणजे बोली, असे समीकरण आम्ही मांडतो आहोत असे कोणास वाटेल. तसे नाही, आणि याचा सर्वांत मोठा दाखला बाबुराव बागूल यांचा आहे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथा आठवून पाहावी. रेल्वेतील नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण जात लपवून राहतो, ती उघडकीस येताच मार खातो आणि त्याच्याच समाजातील एक सहकारी त्याला वाचवतो. या कथेचा ‘मी’ बोलीत बोलत नाही. त्याची मराठी धगधगीत, अलंकृत, वक्त्याची आहे. त्याच्या शब्दांवर भाळलेली माणसेच त्याची जात कळल्यावर त्याच्यावर उलटतात. ज्या भाषेवर आपला हक्क नाही असे शतकानुशतके सांगितले गेले ती भाषा हा निवेदक हक्काने वापरतो, आणि कथेतला सारा ताण त्यातून निर्माण होतो. त्याच्या तोंडी बोली घालून कोणी ही कथा ‘अस्सल’ करायला निघेल, तर तो तिचा प्राणच काढून घेईल. तेव्हा प्रश्न अमुक भाषा वापरण्याचा नसून निवडीचा आहे. बागुलांनी प्रमाण भाषा निवडली. आमच्या विद्यार्थिनीला ती निवडू देण्यात आली नव्हती. ती तिच्यावर लादण्यात आली होती.

उलट बाजूची उदाहरणेही आपल्या दाराशी आहेत. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांनी ‘मेड इन इंडिया’त (१९८७) पंढरी पाटलाला सबंध कादंबरीभर वऱ्हाडीतून बोलू दिले आणि गावचे राजकारण बाहेरच्या दुभाष्यावाचून वाचकांपुढे आले. दर्यापूरच्या प्रतिमा इंगोले यांच्या ‘हजारी बेलपान’मधील कथांनी वऱ्हाडी बाईच्या बोलण्यातील ठसका आणि तिचे दुःख ही एकाच श्वासात येतात हे दाखवून दिले. बुलढाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांना २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘बारोमास’ या कादंबरीसाठी. पण शेतकरी कुटुंबातील शिकलेल्या मुलाची घुसमट त्यांच्या ‘लचांड’, ‘उठावण’ यांसारख्या कथासंग्रहांच्या वाचकांना अपरिचित नव्हती. वाशीमचे बाबाराव मुसळे हेही याच मातीतील नाव. वऱ्हाडाबाहेर पाहिले तर मराठवाड्याच्या भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा अनेकांनी शाळेत वाचलेली असेल. बाजारात कवडीमोल ठरलेले टोमॅटो बाप पायांखाली तुडवतो, आणि ते पाहणारा त्याचा शाळकरी मुलगा आहे. तो बाप अर्थशास्त्राच्या भाषेत काही बोलत नाही, मुलगाही त्याचा अर्थ सांगत नाही. तरी शेतमालाच्या भावाचा प्रश्न ज्यांना या कथेने कळला त्यांना तो पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

मग अडते कोठे? आमच्या मते अडते ते ‘प्रवाह’ या शब्दापाशी. दलित प्रवाह, ग्रामीण प्रवाह, स्त्रीवादी प्रवाह, आदिवासी प्रवाह, मुस्लिम मराठी प्रवाह अशी विभागणी करून आम्ही अभ्यासपत्रिका तयार करतो आणि प्रत्येक प्रवाहाची एकेक प्रातिनिधिक कथा निवडतो. या नावांमागे चळवळी होत्या. १९५८ साली मुंबईत भरलेले पहिले दलित साहित्य संमेलन किंवा १९९० साली सोलापुरात भरलेले पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले नसते, तर ही पुस्तके आमच्या टेबलापर्यंत पोहोचलीच नसती, हे ऋण मान्य केले पाहिजे. पण चळवळीने दार उघडण्यासाठी वापरलेले नाव आम्ही खोलीवर पाटी म्हणून लावले. मध्यमवर्गीय शहरी कथेला कोणी ‘प्रवाह’ म्हणत नाही. ती नुसतीच ‘कथा’ असते. परिणाम असा की गाडगीळांच्या कथेवर प्रश्न येतो तो संज्ञाप्रवाहाविषयी, आणि बागुलांच्या कथेवर येतो तो दलितांच्या व्यथेविषयी. हमीद दलवाई यांच्या ‘लाट’ (१९६१) मधील कथा मुस्लिम समाजाच्या चित्रणासाठी वाचल्या जातात. त्यांच्या रचनेचा विचार क्वचितच होतो. ऊर्मिला पवार यांच्या ‘कवच’मध्ये आंबे विकणाऱ्या आईला उद्देशून होणारी द्वयर्थी चेष्टा एका मुलाच्या कानांवर पडते आणि ती ऐकताना त्याचे काय होते हे लेखिका त्या मुलाच्या पातळीवर उतरून सांगते. कथनाची ही केवढी अवघड कामगिरी आहे! आम्ही मात्र उत्तरपत्रिकेत ‘दलित स्त्रीचे दुहेरी शोषण’ एवढे शब्द सापडले की गुण देऊन मोकळे होतो.

अमेरिकन कथेकडे वळायचे ते यासाठी की, हाच पेच तेथे आपल्याआधी उभा राहिला होता. मराठी वाचकाला त्या साहित्याची ओळख नवी नाही. जनार्दन वाघमारे यांचे अमेरिकन निग्रो साहित्य व संस्कृतीवरील पुस्तक १९७८ साली आले, आणि त्याआधी १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरचे नावच ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. या साहित्यातील झोरा नील हर्स्टन यांचे उदाहरण आम्हाला वारंवार आठवते. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची बोली त्यांनी कानात प्राण आणून टिपली आणि ‘स्वेट’ (१९२६) सारख्या कथांतून वापरली. त्यांना विरोध झाला तो केवळ गोऱ्यांकडून नव्हे. १९३७ साली त्यांच्या कादंबरीवर रिचर्ड राइट या थोर कृष्णवर्णीय लेखकानेच कठोर टीका केली. अशी बोली गोऱ्या वाचकांच्या करमणुकीस हातभार लावते, असा त्याचा रोख होता. १९६० साली हर्स्टन दारिद्र्यात वारल्या आणि त्यांच्या थडग्यावर साधी शिळाही नव्हती. १९७३ साली अ‍ॅलिस वॉकर यांनी ती जागा शोधून तेथे शिळा बसवली. राइटची भीती निराधार नव्हती. वऱ्हाडी बोलीचा वापर हशा पिकवण्यासाठी कसा होतो, हे आपणही पाहतोच. पण बोलीची टिंगल होते म्हणून ती लिहायचीच नाही, हा उपाय टिंगल करणाऱ्यांच्याच सोयीचा असतो.

त्याच अमेरिकन कथेत दोन वाटा शेजारी शेजारी चाललेल्या दिसतात. टोनी केड बंबारा यांच्या ‘द लेसन’ (१९७२) या कथेत सिल्व्हिया नावाची हार्लेममधील मुलगी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत आपल्या वस्तीच्या भाषेत बोलते. एक शिकलेली बाई वस्तीतल्या मुलांना महागड्या खेळण्यांच्या दुकानात नेते आणि एका खेळण्यातल्या होडीची किंमत पाहून ही मुलगी अस्वस्थ होते. त्या बाईच्या शुद्ध बोलण्याचा तिला राग आहे. आम्हा शिक्षकांकडे वर्ग कोणत्या नजरेने पाहत असेल, याची जाणीव या कथेइतकी क्वचितच कोणी करून दिली असेल. दुसरी कथा जेम्स बाल्डविन यांची ‘सॉनीज ब्लूज’ (१९५७). तिचा निवेदक बीजगणिताचा शिक्षक आहे. त्याची भाषा संयत, सुसंस्कृत आहे. धाकट्या भावाला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाल्याचे त्याला वर्तमानपत्रातून कळते. हा थोरला भाऊ शेवटी एका क्लबात बसून सॉनीचे पियानोवादन ऐकतो आणि इतकी वर्षे आपण त्याला ऐकलेच नव्हते हे त्याला उमगते. एका कथेत वस्ती स्वतः बोलते, दुसरीत वस्तीतून वर आलेला माणूस ऐकायला शिकतो. यांपैकी कोणती अधिक अस्सल, हा प्रश्न व्यर्थ आहे. बागूल आणि बोरकर यांच्याबाबतीतही तो तितकाच व्यर्थ आहे.

या विचारावर घेतले जाणारे दोन आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. पहिला असा की, विविधतेच्या नावाखाली सामान्य कथा डोक्यावर घेतल्या जातात. हे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुष्काळ, सावकार, कर्ज आणि शेवटी फास अशा साच्यातून निघालेल्या कथांचे ढीग आम्ही वाचले आहेत. पण साचे काही एकाच वर्गाची मिरास नव्हेत, ना. सी. फडके यांच्या तंत्राने घडवलेल्या प्रेमकथांचेही असेच ढीग होते आणि त्यांच्यामुळे मध्यमवर्गाने कथा लिहू नयेत असे कोणी म्हटले नाही. वाईट कथा वाईट म्हणावी, मात्र ती कथा म्हणून वाचून झाल्यावर. दुसरा आक्षेप आकलनाचा आहे : निवेदनही बोलीत आले तर कोल्हापूरच्या वाचकाला वऱ्हाडी कशी कळावी? आमचा अनुभव असा की, माणदेशी आणि मालवणी आम्हाला अकोल्यात बसून कळली. पहिल्या दोन पानांवर अडखळलो, तिसऱ्या पानावर कान तयार झाला. वऱ्हाडीने वाचकाकडे तेवढीच दोन पाने मागितली तर ते जास्त होणार नाही.

आणि हे सारे केवळ वाङ्मयीन सौजन्याचे काम नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले त्यांत अकोला आणि अमरावती होते. तेव्हापासून बाहेरच्या जगाला वऱ्हाड ठाऊक आहे ते मुख्यतः आकड्यांतून. मेलेल्या शेतकऱ्याचा आकडा होतो, त्याच्या बायकोचा फोटो होतो. ती दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात गेली तेव्हा तिच्या मनात काय चालले होते, हे आकड्याला सांगता येत नाही. ते कथेचे काम आहे, आणि ते बाहेरून दौऱ्यावर आलेल्या निवेदकाला पुरतेपणी जमणारे नाही. शिवाय वऱ्हाड म्हणजे एकटी वऱ्हाडी बोलीही नव्हे. अकोल्याच्या जुन्या शहरात घरोघरी उर्दू आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि मेळघाटात कोरकू आहे, वाशीमकडच्या तांड्यांवर गोरमाटी आहे. मधुकर वाकोडे यांच्या ‘झेलझपाट’ने कोरकूंचे जग मराठी वाचकाला दाखवले. आता त्या घरातील मुलगी मराठीत कथा लिहील तेव्हा तिच्या मराठीत कोरकूची लय उतरेल. ती लय आम्ही चूक म्हणून खोडणार काय?

यासाठी फार मोठे काही करावे लागणार नाही. प्रश्नपत्रिकेत बागुलांच्या कथेवर निवेदनाचा प्रश्न विचारावा आणि गाडगीळांच्या कथेवर जातवर्गाचा. ‘प्रवाहां’च्या पाट्या काढून एकदा कथा नुसत्या कालक्रमाने लावून शिकवून पाहाव्यात. आणि विद्यार्थ्यांच्या हस्तलिखितावर शाई चालवण्याआधी एवढेच विचारावे, की हे वाक्य तू असे का लिहिलेस? उत्तर असेल तर ते वाक्य राहू द्यावे.

आम्ही त्या विद्यार्थिनीला तसे विचारले नव्हते. पुढे बऱ्याच दिवसांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘सर, येत होती म्हटलं का माय लवकर येते. येऊन राह्यली व्हती म्हटलं का तिले वेळ लागते. तिचे पाय दुखत होते नं.’ ‘आई शेतातून येत होती’ या आमच्या वाक्यातली आई वेळेवर घरी पोहोचली होती. ती कोणाची माय, हे त्या माउलीला ओळखू येणार तरी कसे होते?